लॅपटॉप लावून गाडीची ताकद वाढते का?

प्रश्न : माझ्याकडे जुनी स्विफ्ट डिझेल आहे, ७५ हॉर्सपॉवरची. तेच १२४८ सीसीचं इंजिन एर्टिगात ९० हॉर्सपॉवर देतं. माझा भाचा पुण्यात शिकतो. तो म्हणतो, कंपनीने सॉफ्टवेअरने ताकद दाबून ठेवली आहे. मामा, लॅपटॉप लावला की सुटेल. हे खरं आहे का? आणि मला हे स्वतः शिकता येईल का?
— एक वाचक, शिरूर अनंतपाळ, जि. लातूर

उत्तर : भाच्याचं निम्मं बरोबर आहे. चुकीच्या निम्म्यापासून सुरुवात करू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

दोन्ही गाड्यांत फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन आहे. मारुतीने ते परवाना घेऊन बनवलं. पण दोन्हींचा टर्बो वेगळा आहे. ७५ च्या इंजिनावर साधा, ठरावीक आकाराचा टर्बो असतो, तर ९० च्या इंजिनावर आतल्या पात्यांचा कोन बदलणारा टर्बो असतो. टॉर्क बघा : एकाचा १९० न्यूटन मीटर, दुसऱ्याचा २००. म्हणजे ओढ जवळपास सारखीच. फरक पडतो तो वरच्या फेऱ्यांवर, कारण तिथे साधा टर्बो हवा पुरवताना दमतो. तेव्हा ते १५ हॉर्सपॉवर बरेचसे लोखंडातून आलेले आहेत. ते सॉफ्टवेअरमध्ये कुठे कुलूप लावून ठेवलेले नाहीत.

आता बरोबर असलेलं निम्मं. तुमच्या इंजिनाला डिझेल किती द्यायचं, केव्हा द्यायचं आणि किती दाबाने द्यायचं, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. त्याच्या पोटात आकड्यांचे तक्ते असतात. या धंद्यातले लोक त्यांना ‘मॅप’ म्हणतात. रचना पाढ्यांच्या तक्त्यासारखी : उभ्या बाजूला इंजिनाचे फेरे, आडव्या बाजूला तुम्ही पेडल किती दाबलंत ते, आणि दोन्ही जुळतात त्या चौकटीत डिझेलचं माप. २००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साधारण १७ वेळा पेटतो. पूर्ण ओढीवर असलं इंजिन दर वेळी ३५ ते ४० मिलिग्रॅम डिझेल घेतं. त्या चौकटीतला आकडा वाढवला की डिझेल वाढतं आणि ओढही वाढते. यालाच रिमॅप म्हणतात.

मात्र तक्ता एकच नसतो. पेडलचा वेगळा, टॉर्कच्या मर्यादेचा वेगळा, धुराच्या मर्यादेचा वेगळा, टर्बोच्या दाबाचा वेगळा. ईसीयू ते सगळे पडताळतो आणि डिझेलचं सर्वांत कमी माप ज्या तक्त्यातून येईल ते मानतो. म्हणून एकाच तक्त्यातला आकडा वाढवून ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुढे चिडून सगळ्याच मर्यादा वर ढकलणारेही भेटतात, आणि इंजिनं जातात ती त्यांची.

या मर्यादा कंपनीने का ठेवल्या, हे लातूर जिल्ह्यात बसून फार चांगलं समजतं. डिझेल जाळायला हवा लागते आणि ती वजनात मोजायची असते. एका ग्रॅम डिझेलला साधारण १८ ग्रॅम हवा मिळाली नाही तर काळा धूर सुरू होतो. म्हणजे ३६ मिलिग्रॅम डिझेलला सुमारे ६५० मिलिग्रॅम हवा हवी. तुमच्या इंजिनाचा एक सिलिंडर ३१२ सीसीचा. समुद्रकाठी २५ अंश तापमानाला त्यात आपसूक मावते सुमारे ३७० मिलिग्रॅम हवा. टर्बोने ती पावणेदोन पट दाबली की काम झालं. आपला भाग मात्र समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, आणि मे महिन्यात पारा ४२ वर. त्या हवेत सिलिंडरमध्ये मावते जेमतेम सव्वातीनशे मिलिग्रॅम. दाबून तापलेल्या हवेचा हिशेब सोडून दिला तरी टर्बोला आता दुप्पट दाबावी लागते. डिझेल तेवढंच, ओढ तेवढीच, पण टर्बोचे फेरे वाढलेले.

कंपनी जी ताकद ‘दाबून’ ठेवते ती या दिवसासाठी. भर उन्हात, एसी लावून, पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन चढ चढतानाही टर्बो आणि पिस्टन टिकले पाहिजेत, आणि तेही एखाद्या पंपावरचं डिझेल जेमतेम असलं तरी. रिमॅपवाला विकतो ती हीच शिल्लक. इंटरनेटवरून उतरवलेली तयार फाइल थंड मुलखातल्या गाडीवर बेतलेली असेल, तर तिने ही शिल्लक आधीच खर्च केलेली असते. शिवाय वाढलेला टॉर्क क्लचमधून जातो. क्लच तोच जुना असेल, तर आधी तो घसरू लागतो.

आता दोन गैरसमज. पहिला मायलेजचा. रिमॅपनंतर मायलेज वाढलं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या गाडीत बहुधा खालच्या फेऱ्यांवर ओढ आलेली असते, त्यामुळे ते वरच्या गिअरमध्ये सावकाश चालवतात. बचत होते ती त्या चालवण्यातून. आणि वाढलेली ताकद वापरायची ठरवली तर डिझेल जास्तच लागणार. दुसरा गैरसमज ऑनलाइन मिळणाऱ्या ‘लावा आणि तेल वाचवा’ छाप प्लगचा. असे कितीतरी प्लग लोकांनी उघडून पाहिले आहेत. आत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे कामाचं काही सापडलेलं नाही. ते पैसे वाचवा.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला : शिकता येईल का? येईल, आणि आकडे वाचण्यापासून सुरुवात केलीत तर गाडीला धोकाही नाही. एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ लागू आहे. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ईएलएम ३२७ जातीचं ब्लूटूथ यंत्र लावायचं आणि मोबाइलवर ‘टॉर्क’सारखं अ‍ॅप घ्यायचं. इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, टर्बोचा दाब, डिझेलच्या रेलचा दाब, जे जे तुमची गाडी दाखवेल ते नोंदवून ठेवा. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या आणि उदगीरच्या किंवा निलंग्याच्या रस्त्याला नेहमीसारखी गाडी चालवा. एक नोंद पहाटेची घ्या, एक दुपारची. वर मांडलेला हवेचा हिशेब तुमच्याच आकड्यांत दिसेल.

या वाचनातून बऱ्याचदा वेगळीच गोष्ट हाती लागते : गाडी ‘ओढत नाही’ ती रिमॅप नसल्यामुळे नव्हे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत काळ्या रानातली धूळ एअर फिल्टरमध्ये गच्च बसलेली असते. टर्बोचा रबरी पाइप चिरलेला असतो. किंवा ईसीयू रेलमध्ये जितका दाब मागतो तितका मिळत नसतो, कारण डिझेल फिल्टर तुंबलेला आहे. अशा गाडीचे आकडे वाढवले तर आजारी इंजिनावर ओझं तेवढं चढतं. आधी हे दुरुस्त करा. गेलेली ताकद कित्येकदा इथेच परत मिळते.

तुमच्या ओळखीत कोणाची पेट्रोल गाडी असेल तर तिचा ‘फ्युएल ट्रिम’, म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या मापात केलेली दुरुस्ती, जरूर पाहा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, तर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्याला साडेतेराच्या आसपास. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू स्वतःहून पेट्रोल थोडं वाढवतो. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल टाकीत पडलं, की इंजिन त्याची दखल कशी घेतं हे मोबाइलवर दिसतं.

ईसीयूवर लिहिणं हा मात्र वेगळा टप्पा आहे. मूळ फाइलची प्रत काढावी लागते, बदललेल्या आकड्यांनुसार तिची ‘चेकसम’ नावाची बेरीज जुळवावी लागते, आणि लिहिणं चालू असताना गाडीच्या बॅटरीचा दाब जराही उतरता कामा नये. चार्जर लावून बसलात आणि मध्येच लाइट गेली, तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी जागची हलत नाही. मग तो खोलून टेबलावर जिवंत करणारा माणूस शोधत हैदराबाद किंवा पुणे गाठायचं.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठासून सांगितलं आहे. वाढवलेली ताकद अपघाताच्या वेळी विमा कंपनीपुढे आली तर दाव्यावरून वाद होऊ शकतो. धुराचा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार डिझेल गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. त्याआधी पुण्याच्या एआरएआय या संस्थेने तिच्या गाड्यांच्या धुराच्या चाचण्या केल्या होत्या. तक्त्यातल्या आकड्यांनी धूर किती बदलतो, याचा याहून मोठा दाखला नको. म्हणून ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा झडपेचा भाग) बंद करून देतो किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काढून देतो असं कोणी म्हटलं, तर तिथून सरळ परत फिरा. तो धूर गावातल्याच लेकरांच्या छातीत जातो.

मग लिहायला शिकायचं कुठे? रोजच्या गाडीवर नको. भंगारातून मारुती ८०० चं एमपीएफआय, म्हणजे ईसीयूच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं, इंजिन मिळवा आणि लोखंडी चौकटीवर बसवा. स्पीडुइनो नावाचा ईसीयू आर्डुइनोच्या स्वस्त बोर्डावर चालतो, त्याचा सगळा आराखडा खुला आहे. ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरमधून त्याचे तक्ते बदलता येतात. सोबत हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर घ्या, तो नसेल तर सगळा अंदाजपंचे कारभार. आधी इंजिन नुसतं सुरू करून दाखवा, मग थंड असताना सुरू करा, मग एका जागी स्थिर फिरू द्या. यातच काही महिने जातील, आणि इग्निशनचा कोन थोडा पुढे-मागे केला की आवाज कसा बदलतो हे कानाला कळू लागेल.

भाचा अभियांत्रिकीला असेल तर त्याला कॉलेजातल्या फॉर्म्युला स्टुडंट, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः रेसगाडी बनवण्याच्या स्पर्धेच्या, संघात नाव द्यायला सांगा. ही मुलं बऱ्याचदा चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चं इंजिन घेतात. नियमाप्रमाणे सगळी हवा २० मिलिमीटरच्या छिद्रातून ओढावी लागते, त्यामुळे कंपनीचे तक्ते निरुपयोगी होतात आणि मुलांना पहिल्या चौकटीपासून नवे भरावे लागतात. सुट्टीत तो गावी आला की दोघं मिळून तुमच्या स्विफ्टच्या नोंदी वाचा. तोवर दुपारच्या आणि पहाटेच्या नोंदींची एक वही तुमच्याकडे तयार असू द्या.