पेटाऱ्याजवळ उभी राहिलेली बहीण

शास्त्रपाठ : निर्गम २.१-१०. सोबत वाचावे : १ शमुवेल २.२२-२५ व ३.११-१४.

हा धडा आपण शब्बाथशाळेत किती वेळा ऐकिला असेल याची गणती नाही. लेवी वंशातील आईबाप, नदीकाठचे लव्हाळे, डांबर लाविलेला पेटारा, फारोची कन्या, हे सर्व लहान मुलांसही तोंडपाठ असते. तथापि चौथ्या वचनाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पेटारा पाण्याकाठी ठेविला गेला, परंतु बाळाची बहीण तेथून हलली नाही. पुढे काय घडते ते आपल्या डोळ्यांनी पाहावे म्हणून ती थोड्या अंतरावर थांबली. तिच्यापाशी अधिकार नव्हता, पैका नव्हता. ती दास्यातील लोकांची एक पोर होती. तिच्यापाशी दोन डोळे होते, आणि वेळ आली तेव्हा राजकन्येपुढे जाऊन बोलण्याचे धैर्य होते. बाळ पाण्यातून निघाले ते राजकन्येच्या दयेने, हे खरे. पण ते पुन्हा आपल्या आईच्या मांडीवर गेले ते या मुलीच्या बोलण्याने.

आमच्या मंडळ्यांतूनही असे पेटारे दर वर्षी सोडिले जातात. आईबाप ऊसतोडीस निघाले की मूल कोणापाशी ठेवावे हा प्रश्न पडतो. कोणी विधवा असते, कोणाच्या घरी मतिमंद लेकरू असते व शेजारी त्याची चेष्टा करितात. मग कोणी ओळखीचा मनुष्य येतो व सांगतो की मुंबईकडे एक चांगले गृह आहे; तेथे जेवण, कपडा व शिक्षण सर्व फुकट मिळते. आईबाप प्रार्थना करून मूल हाती देतात. यात पाप नाही. मोशेच्या आईनेही तेच केले. आमचे विचारणे इतकेच आहे की, पेटारा सोडिल्यावर काठावर उभे कोण राहते?

हा प्रश्न आम्ही उगाच काढीत नाही. इ. स. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहात कुपोषणाने मुले दगावल्याचे वर्तमान छापून आले. ते वाचून मुंबई उच्च न्यायालयाने, कोणी फिर्याद आणण्याची वाट न पाहता, ते प्रकरण आपण होऊन हाती घेतले आणि राज्यातील अशा गृहांची पाहणी करण्यास समिती नेमिली. या पाहणीच्या ओघात २०११ साली नवी मुंबईच्या दक्षिणेस, पनवेलजवळ, कळंबोली येथील ‘कल्याणी महिला बाल सेवा संस्था’ या गृहातील गोष्ट उघडकीस आली. तेथे मतिमंद व निराधार मुली ठेविल्या होत्या. कित्येकींस आपले दुःख शब्दांत सांगताही येत नव्हते. त्यांच्यावर मारहाण व बलात्कार होत होते. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने बलात्काराबद्दल व एका मुलीच्या खुनाबद्दल संस्थेच्या संस्थापकास दोषी ठरवून फाशीची शिक्षा सांगितली. पुढे उच्च न्यायालयाने ती फाशी कायम ठेविली नाही; परंतु अपराध घडले व त्यांबद्दल तुरुंगवास झाला ही गोष्ट राहिलीच. आम्हांस सर्वांत अधिक लागलेली गोष्ट ही की, सत्र न्यायालयाने ज्यांस शिक्षा दिली त्यांत त्या मुलींची देखभाल करण्यास ठेविलेल्या स्त्रियाही होत्या.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, सरकारची माणसे तेथे कधी गेलीच नव्हती काय? गृह रानात नव्हते. पनवेलसारख्या गजबजलेल्या गावाच्या शेजारी होते. कागदांवर शिक्के होते, आणि दारावर ‘कल्याणी’ हे गोड नाव होते. ज्यांनी पाहावे म्हणून कायद्याने नेमिलेली माणसे होती, त्यांच्या पाहण्यातून ही गोष्ट बाहेर आली नाही. ती न्यायालयाने निराळी माणसे पाठविली तेव्हा बाहेर आली. एकाच दारातून दोघे आत जातात, आणि एकास काही दिसत नाही व दुसऱ्यास दिसते, हे कसे होते ते आम्हांस स्वतःच्या अनुभवावरून थोडे कळते. तो अनुभव सांगावयास लाज वाटते, पण सांगितला पाहिजे.

काही वर्षांमागे आमच्या मंडळीतील दहा वर्षांचा एक मुलगा दूरच्या एका वसतिगृहात होता. आम्ही कामानिमित्त त्या शहरी गेलो असता त्यास भेटावयास गेलो. व्यवस्थापकांनी आमचा मोठा आदर केला, खुर्ची दिली, चहा मागविला, हिशेबाच्या वह्या दाखविल्या. मग मुलास बोलाविले. तो येऊन व्यवस्थापकांच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. आम्ही विचारिले, “बाळ, बरा आहेस ना?” तो म्हणाला, “हो, बरा आहे.” आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि घरी येऊन त्याच्या आईस सांगितले की मुलगा सुखात आहे. नाताळच्या सुट्टीत मुलगा गावी आला. आई त्यास न्हाऊ घालीत असता तिने त्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ पाहिले. काही जुने होते, काही नवे होते. ती त्यास घेऊन आमच्या दारी आली. एक शब्दही कठोर बोलली नाही. मुलास मात्र आम्ही विचारिले की, “त्या दिवशी आम्हांस का सांगितले नाहीस?” तो म्हणाला, “ते तिथंच बसले होते ना, पाळकसाहेब.”

त्या दिवसापासून आम्हांस ठाऊक झाले की, मुलास त्याच्या रक्षकासमोर विचारणे म्हणजे न विचारणेच होय.

ही चूक केवळ आमच्या देशात होते असे नाही. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशातील व्हिक्टोरिया क्लिम्बिए नावाच्या मुलीस तिच्या आईबापांनी, चांगले शिक्षण मिळेल या आशेने, बापाच्या मावशीच्या हाती दिले. मावशीने तीस लंडन शहरी नेले. तेथे त्या बाईने व तिच्या सोबत्याने मुलीचा असा छळ केला की ती २५ फेब्रुवारी २००० रोजी वयाच्या आठव्या वर्षी इस्पितळात मरण पावली. तिच्या देहावर १२८ जखमांच्या खुणा मोजल्या गेल्या. अपराध्यांस जन्मठेप झाली. मग लॉर्ड लेमिंग यांनी चौकशी करून २००३ साली अहवाल दिला, व त्यात दाखविले की सरकारी खात्यांस व इस्पितळांस तीस वाचविण्याच्या निदान बारा संधी आल्या होत्या. ती दोन इस्पितळांत जाऊन आली होती. एका डॉक्टराने अंगावरील व्रण खरजेचे ठरविले, आणि मग खरूज आपणांस लागेल या भीतीने समाजसेविका व पोलीस अंमलदार तिच्या घरी गेलेच नाहीत!

आणि त्याहून अधिक मनास बोचणारी गोष्ट ही की, तीस प्रार्थनामंदिरांतही नेण्यात आले होते. मावशीने सांगितले की मुलीस भूत लागले आहे, आणि पाळकांनी तिचे म्हणणे खरे मानून भूत काढण्यासाठी प्रार्थना केली. अखेरीस एका पाळकाने तीस इस्पितळात नेण्यास सांगितले, तेव्हा मरण एका दिवसावर आले होते. बंधूंनो, आमच्या खेड्यांत घाबरलेल्या, दचकून उठणाऱ्या, अंथरूण ओले करणाऱ्या किती मुलांस आपण ‘लागीर’ म्हणून प्रार्थनेस बसवितो! प्रार्थना जरूर करावी. पण प्रथम त्याचा सदरा वर करून पाठ पाहावी.

आता एलीकडे वळू. एली दुष्ट नव्हता. आपल्या मुलांची दुष्कृत्ये त्याच्या कानी आली तेव्हा त्याने त्यांस उपदेशही केला. तरी देवाने त्यास दोषी धरिले, कारण त्याने त्यांस आवरिले नाही. उपदेश करून तो पुन्हा आपल्या आसनावर बसला. याजकाच्या घराण्याची अब्रू हे त्याचे मोठे ओझे झाले होते. आमच्यातही एखाद्या शिक्षकाविषयी, उपदेशकाविषयी किंवा वसतिगृहाच्या अधिकाऱ्याविषयी कुजबुज ऐकू आली तर पंच म्हणतात, “मंडळीचे नाव जाईल, बाहेरचे लोक हसतील, साहेबांस समज देऊ म्हणजे झाले.” हीच एलीची समज.

ऑगस्ट २०२२ मध्ये नवी मुंबईतील सीवूड्स भागात एका प्रार्थनामंदिराच्या जागेत ठेविलेली ४५ मुले ठाणे जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी बाहेर काढिली, आणि तेथील पाळकास मुलींशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून अटक झाली. आरोपाचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. परंतु ते गृह सरकारदरबारी नोंदलेले नव्हते, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. आणि यासाठी निवाड्याची वाट पाहावयास नको. क्रूस दारावर असला म्हणजे नोंदणी नको, तपासणी नको, असे मानणारे पुष्कळ आहेत. आमचे मत उलट आहे. ज्या घरावर ख्रिस्ताचे नाव आहे त्याने आपली दारे सर्वांच्या आधी उघडी ठेवावी. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने लहानांस अडखळविणाऱ्यांविषयी जे कठोर शब्द काढिले ते शिष्यांसमोर काढिले, जकातदारांसमोर नव्हेत.

कायदा काय म्हणतो हे उपदेशकांनी ठाऊक करून घ्यावे, कारण गावात ते सांगणारा दुसरा कोणी नसतो. मुलांची काळजी व संरक्षण यांविषयीचा २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याप्रमाणे निराधार व संरक्षणाची गरज असलेली मुले ठेविणाऱ्या प्रत्येक गृहाने, मग ते सरकारी असो, धर्मादाय असो, देणगीवर चालो वा पदरच्या पैशाने, नोंदणी केलीच पाहिजे. न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखाहून कमी नाही असा दंड, किंवा दोन्ही होतात. जिल्ह्याजिल्ह्यात बालकल्याण समिती असते. तीत एक अध्यक्ष व चार सभासद, व त्यांत निदान एक स्त्री असते. गृह ज्या जिल्ह्यात असेल तेथील समितीकडे विचारावे. नवी मुंबई हे एक शहर वाटले तरी वाशी, नेरूळ, सीवूड्स हे भाग ठाणे जिल्ह्यात, आणि पनवेल, कळंबोली, खारघर हे रायगड जिल्ह्यात मोडतात, हे ध्यानात ठेवावे. तपासणी समितीने दर गृहास तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यावयाची असते, आणि भेटीस जाणाऱ्या निदान तिघांत एक स्त्री व एक डॉक्टर असावा लागतो. गेल्या भेटीचा शेरा दाखवा, असे पालकाने नम्रपणे म्हणण्यास काही हरकत नाही. चांगला व्यवस्थापक रागावत नाही.

येथे पाळकांसही एक शब्द. अनाथ वा हरवलेले मूल दारी आले असता दयेने ते घरीच ठेवून घ्यावे, ही आमच्यात जुनी चाल आहे. हेतू चांगला असेल. परंतु अशा मुलाची खबर २४ तासांच्या आत चाइल्डलाइन, पोलीस, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बालसंरक्षण कार्यालय यांपैकी कोणास तरी देणे बंधनकारक आहे. तसेच मुलाच्या अब्रूवर कोणी हात घातल्याचे कळले तर, २०१२ च्या ज्या कायद्यास पोक्सो म्हणतात त्याप्रमाणे, ते न कळविणारा स्वतः गुन्हेगार ठरतो. मग तो पंच असो की पाळक. कळविण्यास वकील लागत नाही. १०९८ हा अंक कोणत्याही फोनवरून फुकट लागतो. ही सेवा १९९६ साली मुंबईतच प्रथम सुरू झाली.

“पण आमच्यासारख्या अडाणी माणसांचे कोण ऐकेल?” असे बायबलबाया आम्हांस विचारितात. त्यांस आम्ही न्यूयॉर्क शहरच्या एटा व्हीलर या बाईची गोष्ट सांगतो. ती मिशनच्या वतीने गरिबांच्या चाळींतून फिरत असे, जशा आमच्या बायबलबाया वस्त्यांतून फिरतात. इ. स. १८७४ च्या सुमारास तिच्या कानी आले की एका बिऱ्हाडात मेरी एलेन नावाच्या मुलीस कोंडून मारितात. शेजारच्या खोलीत एक आजारी बाई होती. तिची विचारपूस करीत जा, असे सांगण्याच्या निमित्ताने व्हीलरबाई त्या बिऱ्हाडात शिरली, आणि मुलीच्या हातापायांवरील वळ तिने स्वतः पाहिले. पोलिसांनी पुरावा मागितला, धर्मादाय संस्थांनी हात झटकिले. शेवटी मुक्या जनावरांवरील क्रूरता थांबविण्यासाठी झटणारे हेन्री बर्घ यांच्याकडे ती गेली, व त्यांच्या खटपटीने मुलगी न्यायाधीशापुढे आली. छळणाऱ्या बाईस एक वर्षाची कैद झाली. या खटल्यातूनच मुलांच्या रक्षणासाठी न्यूयॉर्कची संस्था उभी राहिली. ती मुलगी व्हीलरबाईच्या माहेरच्या माणसांत वाढली आणि नव्वदी ओलांडून जगली.

जी गोष्ट परक्याच्या घरास लागू, ती आपल्याही घरास लागू. नीतिसूत्रांतील छडीचा आधार घेऊन दारूच्या भरात लेकरास बडविणारे बाप आमच्या मंडळ्यांत आहेत, हे झाकून उपयोग नाही. छडीची वचने त्यांस पाठ असतात. पण बापांनी लेकरांस चिरडीस आणू नये, असे जे पौलाने इफिसकरांस लिहिले त्याची मात्र त्यांस आठवण राहत नाही. अशा घरी पंचांनी दोघे मिळून जावे, व मुलाशी निराळे बोलावे.

या आठवड्यात प्रत्येक उपदेशकाने मंडळीच्या नोंदवहीत एक कोरे पान काढावे. गावाबाहेर ठेविलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, वय, गृहाचे नाव व जिल्हा, नोंदणीचा क्रमांक, आणि त्यास शेवटी कोणी व कधी पाहिले हे त्यात लिहावे. पुढे एक रकाना आणखी आखावा : मुलाशी एकांतात बोलणे झाले की नाही. ज्यांच्या नावापुढे तो रकाना रिकामा आहे, त्यांच्याकडे नाताळच्या सुट्टीपूर्वी मंडळीच्या वतीने एक बाई व एक पुरुष यांनी जाऊन यावे. गाडीभाडे दानपेटीतून द्यावे. जे मूल बोलू शकत नाही त्याच्यापाशी जास्त वेळ बसावे, त्यास न्हाऊ घालावे, त्याच्या ताटात काय पडते ते पाहावे. आमच्या नोंदवहीत अशी सात नावे निघाली. त्यांतील तिघांची भेट व्हावयाची आहे, आणि येत्या मंगळवारी आम्ही स्वतः निघत आहो. या खेपेस चहा बाहेरच घेऊ.