न दिसणारा ध्रुव

सावत्र आईने पित्याच्या मांडीवरून उठविलेल्या बाळ ध्रुवाची कथा घरोघरी सांगितली जाते. त्या बालकाने तपश्चर्येने असे स्थान मिळविले, की तेथून त्यास कोणीही उठवू शकत नाही. आकाशातील इतर तारे उगवतात, माथ्यावर येतात आणि मावळतात. उत्तरेकडील एक मध्यम तेजाचा तारा मात्र रात्रभर एकाच जागी दिसतो. आपल्या पूर्वजांनी त्यासच ध्रुव हे नाव दिले.

तारे फिरताना दिसतात, याचे कारण पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे हे होय. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा पूर्ण करते. त्यामुळे आकाश दर चार मिनिटांस सुमारे एक अंश पश्चिमेकडे सरकते. नुसत्या डोळ्यांना ही गती जाणवत नाही. परंतु मोठ्या शक्तीच्या दुर्बिणीतून पाहू लागावे, तर शनीची कडी डोळे भरून पाहण्यापूर्वीच शनी दृष्टीआड होतो. यावर वेधकर्त्यांनी एक युक्ती योजिली. दुर्बिणीच्या बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षास समांतर ठेवावयाचा आणि पृथ्वी ज्या वेगाने पूर्वेकडे फिरते, त्याच वेगाने दुर्बीण त्या अक्षाभोवती पश्चिमेकडे फिरवावयाची. मग तारा दुर्बिणीत जागच्या जागी राहतो. यासाठी अक्ष अचूक उत्तरेकडे वळलेला हवा, आणि त्या स्थळाचा जितका अक्षांश, तितक्याच अंशांनी तो वर उचललेला हवा. थोडक्यात, अक्षाने ध्रुवाकडे बोट दाखविले पाहिजे.

परंतु ध्रुवच दिसत नसेल तर?

लातूर जिल्ह्यातील चाकूर हे गाव सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. स्थळाचा जितका अक्षांश, तितक्याच उंचीवर तेथे ध्रुव दिसतो. लडाखमधील हानले येथे तो जवळजवळ ३३ अंश वर असतो. चाकूरला अवघा १८.५ अंश. हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी धराव्यात, तर ध्रुव दुसऱ्या मुठीच्या आतच येतो. एवढ्या ठेंगण्या ताऱ्यास झाकावयास डोंगर लागत नाही. अंगणाच्या उत्तरेस माळवदाची भिंत असली, किंवा लिंबाचे दाट झाड असले, तरी पुरे.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ध्रुवतारा म्हणजे खरा ध्रुव नव्हे. ज्या बिंदूभोवती आकाश फिरते, त्यापासून हा तारा सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर आहे. चंद्रबिंबाच्या रुंदीहूनही हे अंतर अधिक आहे. शिवाय पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे डुलत सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो. त्यामुळे आणखी १२,००० वर्षांनी अभिजित हा तारा ध्रुवाजवळ येईल. तेव्हा शोधावयाचा आहे तो तारा नव्हे, बिंदू; आणि तो बिंदू तर उघड्या माळरानावरही डोळ्यांना दिसत नाही.

उत्तर दिशा सूर्याकडून कळते. सपाट जमिनीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी रोवावी. हाच शंकू. त्याच्या भोवती वर्तुळ आखावे. सकाळी सावलीचे टोक बाहेरून येऊन वर्तुळास जेथे शिवते, तेथे एक खूण करावी. दुपारनंतर ते वर्तुळाबाहेर पडताना दुसरी करावी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम होय आणि तिच्यावरील लंब दक्षिणोत्तर होय. ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितली आहे. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास एके दिवशी चाकूरला सूर्य मध्यान्ही थेट माथ्यावर येतो व सावली नाहीशी होते. तरीही ही रीत अडत नाही, कारण ती मध्यान्हीच्या सावलीवर विसंबून नाही. अक्षाचा चढ कोनमापक आणि ओळंबा यांनी मोजता येतो.

एवढ्याने अक्ष ध्रुवाच्या जवळ येतो, नेमका नव्हे. एक अंशाची चूक राहिली, तर तारा चार मिनिटांत सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, सरकतो. ही चूक सुधारावयास उत्तरेकडे पाहावेच लागत नाही. दक्षिणेचा आणि पूर्वेचा एकेक तारा पुरतो.

फेब्रुवारीच्या आरंभी रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र दक्षिणोत्तर रेषेवर येते. त्यातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पश्चिमेकडील तारा जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. चाकूरला तो दक्षिणेकडे सुमारे ७१ अंश उंचावर, म्हणजे झाडांच्या शेंड्यांहून पुष्कळ वर असतो. त्यास दुर्बिणीच्या मध्यभागी आणून, बैठक फिरती ठेवून, काही मिनिटे धीराने पाहावे. तारा पूर्वेस वा पश्चिमेस सरकला, तर तो फिरविण्याच्या वेगातील दोष. तो येथे विचारात घेऊ नये. तारा दक्षिणेकडे सरकला, तर अक्ष ध्रुवाच्या पूर्वेस वळला आहे असे समजून तो किंचित पश्चिमेकडे फिरवावा. तारा उत्तरेकडे सरकला, तर याच्या उलट करावे.

मग पूर्वेस बऱ्याच खाली असलेला मघा तारा घ्यावा. तो दक्षिणेकडे सरकला, तर अक्ष फार खाली आहे, तो उचलावा. उत्तरेकडे सरकला, तर खाली आणावा. पूर्व बाजू झाकलेली असल्यास पश्चिमेचा तारा चालतो. मात्र तेथे हा नियम उलटा होतो. तारा सरकेनासा होईपर्यंत दोन्ही पाहण्या आळीपाळीने कराव्यात.

हे केवळ हौसेचे काम नव्हे. मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे नवाब जफर जंग यांनी १९०१ साली निजामिया वेधशाळा स्थापन केली. सर्व आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करण्याची योजना १८८७ साली पॅरिस येथे ठरली होती. तिच्यातील विषुववृत्ताच्या दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा या वेधशाळेने पुरा केला. छायाचित्राच्या काचेवर तारा रेघ न होता ठिपकाच उमटावा, यासाठी तेथेही अक्ष असाच अचूक लावावा लागे.

भिंतीआडचा ध्रुव अशा रीतीने सापडतो. तो दिसत नाही; पण त्याच्याभोवती फिरणारे तारे त्याचा ठाव सांगतात. ते सरकणे धीराने पाहणाऱ्यास भिंतीची अडचण राहत नाही.

स्वाध्याय

१. चाकूरपेक्षा हानले येथे ध्रुव अधिक उंच का दिसतो?
२. ‘शोधावयाचा आहे तो तारा नव्हे, बिंदू’ असे का म्हटले आहे?
३. मृगातील तारा दुर्बिणीत उत्तरेकडे सरकला, तर अक्ष कोणीकडे फिरवाल?
४. शाळेच्या पटांगणात शंकू रोवून दक्षिणोत्तर रेषा आखा आणि केलेली कृती आठ-दहा ओळींत लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : दृष्टीआड होणे, ठाव सांगणे, ध्यानी घेणे.