शिल्लक मूत्रपिंडकार्य आणि रुग्णाचे वजन

डायलिसिस सुरू झाले म्हणजे मूत्रपिंडे पूर्णतः निकामी झाली, असा समज रुग्णांत व त्यांच्या नातेवाइकांत सर्रास आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. आरंभी बहुतेकांचे थोडेफार मूत्रपिंडकार्य शिल्लक असते. आठवड्यातून ३ वेळा ४ तास डायलिसिस घेणाऱ्यास यंत्राचा लाभ १६८ तासांपैकी अवघे १२ तास मिळतो. स्वतःची मूत्रपिंडे, दुबळी असली तरी, अहोरात्र राबत असतात. कॅनडा व अमेरिकेतील पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णांच्या एका अभ्यासाचे २००१ मध्ये फेरविश्लेषण झाले. त्यात रोजच्या लघवीत दर २५० मिलिलिटर वाढीमागे मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी आढळला.

या शिलकीचा वजनाशीही संबंध आहे. नेदरलँड्समधील रुग्णांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्थूल रुग्णांचे शिल्लक कार्य सामान्य वजनाच्या रुग्णांपेक्षा अधिक वेगाने घटल्याचे दिसले. तथापि यावरून कोणी उपासतापास आरंभू नयेत. हीमोडायलिसिसवरील कृश रुग्णांपेक्षा वजनदार रुग्ण अधिक काळ जगल्याचेही अनेक अभ्यास सांगतात. आहारातील बदल डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच व्हावा.

मुख्य म्हणजे काटा मांस व पाणी यांत भेद करीत नाही. आमच्या विभागातील एका वयस्क शेतकरी रुग्णाचे वजन कित्येक महिने स्थिर होते; आम्ही सारेच निश्चिंत होतो. पुढे रात्री धाप लागू लागली, तेव्हा उलगडा झाला की भूक मंदावून अंगावरचे मांस झडले होते व त्याची जागा पाण्याने घेतली होती. लघवी कमी झाल्याचे त्यांनी सांगितले नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते. ही उणीव आमची होती.

साचलेले पाणी घाईने काढणेही हितावह नाही. ताशी, दर किलो वजनामागे १३ मिलिलिटर ही मर्यादा सामान्यतः पाळावी, असे मानले जाते. ५० किलोच्या रुग्णास ४ तासांत ती २.६ लिटर होते. याहून वेगाने पाणी काढल्यास रक्तदाब घसरण्याचा संभव वाढतो आणि उरलेल्या मूत्रपिंडकार्यासही इजा पोहोचू शकते.

या अनुभवानंतर आम्ही प्रत्येक रुग्णाचे कोरडे वजन नियमितपणे नव्याने ठरवितो, दोन डायलिसिसच्या दरम्यानची लघवी ठरावीक काळाने मोजून घेतो व भुकेची चौकशी करतो. यास नवे यंत्र लागत नाही. लागते ते मोजमापाचे भांडे, वही आणि आस्था. रुग्णांनी मीठ बेताचे घ्यावे, वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत आणि लघवी कमी होताच न विचारता सांगावे, ही विनंती. उरलेले थोडे जपणे हीदेखील आरोग्यसेवाच होय.