संगणकाचा वाचनदोष आणि ग्रामसभेचे दप्तर

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत दप्तराला आज पूर्वी कधी नव्हते इतके मोल आले आहे. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मान्य झाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक त्याच ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावलाही असा हक्क मिळाला. हक्काबरोबर जबाबदारी आली. ठराव, नकाशे, बांबू व तेंदूपत्त्याचे हिशेब आणि मजुरीच्या याद्या ग्रामसभांना स्वतः जपाव्या लागतात.

या दप्तरातील काही कागद पुन्हा निर्माण करता येत नाहीत. वनहक्क नियमांनी पुरावा म्हणून गावातील वृद्धांचे लेखी निवेदन ग्राह्य मानले आहे. असे निवेदन देणारी व्यक्ती काळाच्या पडद्याआड गेली, तर तो पुरावा परत मिळणे नाही. आज अशा निवेदनांची छायाचित्रे व प्रती अनेक ठिकाणी संगणकात, पेनड्राइव्हवर अथवा सीडीवर ठेवल्या जातात. कागदाला कसर व वाळवीचे भय असे. या साधनांना ते नाही. मात्र त्यांचेही आजार आहेत. असे आजारी साधन समोर आले असता संगणक काय करतो, हे ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

वाचनदोष म्हणजे काय?

हार्ड डिस्कवरील मजकूर ‘सेक्टर’ नावाच्या लहान कप्प्यांत लिहिलेला असतो. जुन्या डिस्कवर एका कप्प्यात ५१२ बाइट मावत. अलीकडील डिस्कवर ४,०९६ बाइट मावतात. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे नव्या डिस्कच्या एका कप्प्यात सुमारे १,३०० चिन्हे, अर्थात हाती लिहिलेले एखादे पान मावते. धक्का, पाणी, धूळ, उष्णता, लिहिताना अचानक गेलेली वीज अथवा निव्वळ वय यांमुळे एखादा कप्पा वाचता येईनासा होतो. यालाच वाचनदोष म्हणतात.

येथे डिस्कची पहिली संरक्षणव्यवस्था कामास येते. ती समजण्यासाठी तेंदूपत्ता संकलन केंद्राची नोंदवही डोळ्यांसमोर आणावी. एका ओळीत तीन दिवसांचे पुडे लिहिले आहेत: ४०, ३५ व ४५, ओळीच्या शेवटी बेरीज १२०. मधला आकडा वाळवीने खाल्ला, तरी १२० मधून ४० व ४५ वजा करून ३५ हा आकडा निश्चितपणे परत मिळतो. ओळींबरोबर स्तंभांच्याही बेरजा असतील, तर एखादा आकडा चुकीचा पडला असता तो नेमका कोणता हेही कळते. डिस्क प्रत्येक कप्प्याबरोबर अशाच प्रकारचे जादा आकडे लिहून ठेवते. या शास्त्राचा पाया रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये व रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत आहे. सीडीवर ओरखडा असूनही ती वाचली जाते, ती रीड-सॉलोमन पद्धतीमुळेच.

परंतु या दुरुस्तीला मर्यादा आहे. एका ओळीतील व त्याच स्तंभांतील अनेक आकडे एकदम नाहीसे झाले, तर बेरजा हाती असूनही ते परत मिळत नाहीत. डिस्कचेही तसेच होते.

कार्यप्रणालीची भूमिका

दुरुस्ती साधली नाही, तर डिस्क तोच कप्पा पुन्हा पुन्हा वाचून पाहते. वाचणारे टोक किंचित इकडेतिकडे सरकवते. या काळात संगणक जणू थिजतो आणि डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागतो. डिस्क व वापरणारा यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, असते. ती डिस्कला ठरावीक मुदत देते. लिनक्स प्रणालीत ही मुदत सामान्यतः ३० सेकंदांची असते. मुदतीत उत्तर न आल्यास ती डिस्कशी असलेला संपर्क नव्याने जुळवून पाहते. मोठा तुकडा मागितला असता दोष आढळला, तर लहान तुकडे मागून चांगला भाग वेगळा काढण्याचा प्रयत्न होतो. तरीही यश न आल्यास ती दोष जाहीर करते. विंडोज प्रणालीवर ‘डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा संदेश येतो. लिनक्सवर ‘इनपुट/आउटपुट एरर’ असा येतो. दोहोंचा अर्थ एकच: मागितलेला मजकूर खात्रीने वाचता आला नाही.

या ‘खात्रीने’ शब्दात व्यवस्थेचे मर्म आहे. जुन्या डॉस प्रणालीत दोष आला की काम सोडावे, पुन्हा प्रयत्न करावा, की दोषाकडे दुर्लक्ष करावे, असे विचारले जाई. दुर्लक्षाचा मार्ग धोक्याचा होता, कारण अशुद्ध मजकूर शुद्ध समजून पुढे जाई. पुढील आवृत्त्यांत ‘अपयश मान्य करावे’ हा पर्याय आला. वाचता न आलेला आकडा अंदाजाने भरणारा कारकून आणि ‘अवाच्य’ असा शेरा मारणारा कारकून यांत दुसराच विश्वासार्ह होय. कार्यप्रणाली हा शेरा मारते. तो तिचा बिघाड नसून प्रामाणिकपणा आहे.

एका कप्प्याने पूर्ण फाइल का जाते?

एक पान गेले तरी उरलेली वही वाचता येते, असा कागदाचा अनुभव आहे. संगणकात तसे होईलच असे नाही. आजच्या दस्तऐवजांच्या व छायाचित्रांच्या फाइली आकुंचित करून ठेवलेल्या असतात. त्यातील एक कप्पा गेला तरी पूर्ण दस्तऐवज उघडेनासा होऊ शकतो. कोणती फाइल कोठे आहे हे सांगणाऱ्या अनुक्रमणिकेचा कप्पा गेला, तर मजकूर शाबूत असूनही तो सापडत नाही. म्हणून कार्यप्रणाली अनुक्रमणिकेच्या महत्त्वाच्या भागांची दुसरी प्रत डिस्कवरच ठेवते. वापरणाऱ्याच्या मजकुराची दुसरी प्रत मात्र ती सहसा आपण होऊन ठेवत नाही. ते काम माणसाचे आहे.

दोष दिसताच काय करावे?

पहिला नियम असा, की दोषाचा संदेश आल्यावर तीच फाइल वारंवार उघडू नये. टोक डिस्कच्या पृष्ठभागावर घासत असेल, तर प्रत्येक प्रयत्नागणिक आणखी कप्पे नष्ट होतात.

दुसरा नियम असा, की त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. बिघडलेल्या कप्प्यावर नवे लिहिले, की डिस्क त्याच्या जागी राखीव कप्पा वापरते. डिस्क निरोगी भासते, पण जुना मजकूर कायमचा जातो. विंडोजमधील ‘चेकडिस्क’सारखी दुरुस्तीची साधनेही डिस्कवर बदल करतात. ती चालवावयाची झाल्यास प्रतीवर चालवावीत, मूळ डिस्कवर नव्हे.

तिसरा नियम म्हणजे आधी पूर्ण प्रत काढणे. यासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे विनामूल्य साधन उपलब्ध आहे. ते प्रथम निर्दोष भाग भरभर उतरवून घेते, बिघडलेला प्रदेश ओलांडून पुढे जाते आणि शेवटी त्या प्रदेशाकडे वळून एकेक कप्पा सोडवते. काय वाचले व काय राहिले याची नोंद ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. मध्येच वीज गेली तरी काम तेथून पुढे चालू होते. पुराच्या वेळी गावकरी आधी हाताशी असलेले धान्य व जनावरे उंचावर नेतात आणि मग अडकलेल्या सामानाकडे वळतात. पद्धत तीच आहे.

पुराचे उदाहरण येथे केवळ उपमेपुरते नाही. पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळील भामरागड २०१९ च्या पावसाळ्यात पुराने वेढले गेले होते. २०२२ मध्ये चंद्रपूर शहरातील सखल वस्त्यांत पाणी शिरले. भिजलेली डिस्क ‘चालते का पाहू’ म्हणून विजेला जोडू नये, की उन्हात वाळवू नये. ती आहे तशी जाणकाराकडे पोहोचवावी. पेनड्राइव्हमध्ये फिरणारे भाग नसले, तरी त्यातील विद्युतभार काळाने, आणि उष्णतेत अधिक लवकर, गळतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे कपाटात पडून असलेला पेनड्राइव्ह म्हणजे सुरक्षित दप्तर नव्हे.

खरी सुरक्षितता

वाचनदोषावरील सर्व उपाय अखेर उरलेसुरले वाचविण्याचे आहेत. खरी सुरक्षितता दोषापूर्वी काढलेल्या प्रतीत असते. महत्त्वाच्या दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक गावाबाहेर, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा ठिकाणी असावी. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, प्रत्येक प्रत उघडून वाचून पाहावी. न वाचलेल्या प्रतीतील दोष नेमका गरजेच्या दिवशीच प्रकट होतो. सही-शिक्क्याचा मूळ कागद तर कोणत्याही परिस्थितीत नष्ट करू नये.

हे काम खर्चाचे नाही. ग्रामसभेच्या एका ठरावाने ते ग्रामसेवकाकडे वा गावातील शिक्षित तरुणांकडे सोपविता येईल. ज्या वृद्धांनी आपल्या रानाची सीमा नाला, टेकडी व देवस्थान यांच्या नावांनिशी सांगितली, त्यांचा शब्द पुढील पिढीस वाचता यावा, यासाठी एवढे कष्ट अधिक नव्हेत.