वाहनविमा कोणासाठी?

(रस्त्यावर चालणाऱ्या मोटारीचा आणि मोटारसायकलचा विमा उतरवावाच लागतो. हा विमा कोणाचे रक्षण करतो आणि बेफिकीर चालकाला तो कसा महाग पडतो, हे या पाठात सांगितले आहे.)

भोर तालुक्यातील कामथडी हे गाव पुणे-सातारा महामार्गालगत आहे. या महामार्गावरून रात्रंदिवस ट्रक, टेम्पो, बस आणि मोटारी धावतात. रस्त्याच्या कडेने शाळेची मुले चालतात, शेतकरी मोटारसायकलवरून जातात. अशा ठिकाणी एका चालकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. चालणाऱ्या माणसाचा काहीच दोष नसतो. पण दवाखान्याचा खर्च त्याच्या घरावर पडतो. कमावता माणूस गेला तर सारे कुटुंबच उघड्यावर येते.

अशा माणसांना भरपाई मिळावी, म्हणून कायद्याने विमा सक्तीचा केला आहे. आपल्या देशात मोटार वाहन कायदा, 1988 लागू आहे. या कायद्याप्रमाणे, आपल्या वाहनामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा प्रत्येक मालकाने घेतलाच पाहिजे. यालाच ‘थर्ड पार्टी’ विमा म्हणतात. जखमी माणूस किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दावा करू शकतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर, विमा नसलेले वाहन चालवल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये व पुन्हा तोच गुन्हा केल्यास 4,000 रुपये दंड होतो. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

या विम्याचा हप्ता सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून लागू केलेल्या दरांनुसार, 1000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला 2,094 रुपये आणि 75 ते 150 सीसीच्या मोटारसायकलला 714 रुपये हप्ता ठरला. कर वेगळा. चालक सावध असो वा बेफिकीर, हा हप्ता दोघांना सारखाच असतो.

मग बेफिकीर चालकाला तोटा कुठे होतो? स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा वेगळा घेता येतो. त्यात वर्षभर एकही दावा केला नाही, तर पुढच्या वर्षी हप्त्यात 20 टक्के सूट मिळते. ही सूट वाढत जाऊन सलग पाच वर्षांनी 50 टक्के होते. समजा, दोघांकडे सारख्याच मोटारी आहेत आणि मूळ हप्ता 6,000 रुपये आहे. पाच वर्षे दावा न करणारा 3,000 रुपये भरील. दरवर्षी मोटार ठोकून दावा करणाऱ्याला मात्र पूर्ण 6,000 रुपये भरावे लागतील. दारू पिऊन गाडी चालवली, तर स्वतःच्या गाडीची भरपाई कंपनी नाकारते.

अमेरिकेतील अनेक राज्यांत याहून कडक रीत आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला, आपला विमा चालू असल्याचे खास प्रमाणपत्र कंपनीमार्फत सरकारकडे पाठवावे लागते. त्याचा हप्ताही पुष्कळ वाढतो.

मुलांनो, एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. काही मुले परवाना नसताना वडिलांची मोटारसायकल घेऊन रस्त्यावर जातात. ‘गाडीचा विमा आहे, मग काय काळजी?’ असे त्यांना वाटते. पण चालकाकडे परवाना नसेल, तर न्यायालय अनेकदा असा आदेश देते, की कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करावी. म्हणजे अखेरीस पैसे वडिलांनाच भरावे लागतात. त्यासाठी शेत किंवा घर विकण्याची पाळी येऊ शकते. शिवाय पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

विम्यामुळे पैशांची भरपाई मिळते. गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून विमा हवाच, पण त्याहून आधी सावधपणा हवा.

शब्दार्थ
हप्ता – विम्यासाठी ठरावीक मुदतीने भरायची रक्कम
बेफिकीर – निष्काळजी
उघड्यावर येणे – निराधार होणे
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे

स्वाध्याय
1. ‘थर्ड पार्टी’ विमा कोणाला भरपाई देतो?
2. सावध चालकाला हप्त्यात कोणता फायदा होतो?
3. परवाना नसलेल्या मुलाने अपघात केल्यास कुटुंबावर कोणती संकटे येतात?
4. ‘दावा’, ‘वसूल’, ‘वारस’ हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.