हिमालयातील यात्रा आणि शरीराची पूर्वतयारी

श्रीकेदारनाथाचे दर्शन आयुष्यात एकदा तरी घडावे, ही आस महाराष्ट्रातील असंख्य भाविकांच्या मनी असते. त्यासाठी वर्षानुवर्षे पैसा साठविला जातो, कन्येचा विवाह किंवा निवृत्ती होईपर्यंत वाट पाहिली जाते. मात्र द्रव्याची जशी तरतूद होते, तशी शरीराची तरतूद क्वचितच होते. कार्यालयात बसून वा घरकामात गुंतून गेलेला देह अचानक उंच पर्वतावर नेला जातो आणि आनंदाची यात्रा कित्येकदा संकटात सापडते. सन २०२२ मधील चारधाम यात्रेत दोनशेहून अधिक यात्रेकरू मृत्यू पावले. त्यांपैकी बहुतेकांचे प्राण हृदयविकाराने वा तत्सम व्याधींनी गेले. म्हणून प्रत्येक भाविकाने व त्याच्या कुटुंबीयांनी या विषयाचा वेळीच विचार करणे अगत्याचे आहे.

उंचीचा अर्थ

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच आहे. केदारनाथाची पायवाट जेथून सुरू होते, ते गौरीकुंडच सुमारे १,९८० मीटर उंचीवर आहे. तेथून सुमारे १६ किलोमीटर चढून मंदिरापाशी पोहोचावे, तेव्हा उंची सुमारे ३,५८० मीटर झालेली असते. म्हणजे आपल्याकडील सर्वांत उंच शिखराच्याही वर जेथे पाऊल पडते, तेथून खरा चढ आरंभतो.

या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच असले, तरी हवा विरळ झाल्याने प्रत्येक श्वासाबरोबर शरीरास मिळणारा प्राणवायू कमी होतो. ही उणीव भरून काढण्यासाठी श्वास जलद होतो व हृदयाचे ठोके वाढतात. त्यातच चढणीचे श्रम व थंडी यांची भर पडते. सवय नसलेल्या हृदयावर हा तिहेरी भार येतो.

वारीची सवय पुरेशी आहे काय?

आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यास आपण कोठेही चालू शकू, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याच्या पायांना सवय असते, ही मोठी जमेची बाजू होय. परंतु वारीचा मार्ग, दिवे घाटासारखे टप्पे सोडल्यास, बहुतांशी पठारावरील असून तो अनेक दिवसांत विभागलेला असतो. विरळ हवेचा अनुभव तेथे मिळत नाही. शिवाय उंचीचा त्रास वय, बळ वा श्रद्धा पाहून होत नाही. तो धडधाकट तरुणासही होऊ शकतो. तयारीने थकवा कमी होतो आणि हृदयास बळ येते. उंचीशी जुळवून घेण्यास मात्र वेळच द्यावा लागतो.

तीन महिन्यांची तयारी

यात्रेपूर्वी किमान तीन महिने नित्य चालण्यास प्रारंभ करावा. प्रथम रोज अर्धा तास, पुढे क्रमाने वाढवीत दीड ते दोन तास चालावे. दुसऱ्या महिन्यापासून जिने अथवा टेकडी चढावी. पुण्यातील पर्वती, जेजुरीचा गड, वणीचा सप्तशृंग गड अशी जवळची देवस्थाने यासाठी उत्तम आहेत. व्यायामाबरोबर दर्शनही घडते. चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव करावा, कारण गुडघ्यांची खरी कसोटी परतीच्या उतारावर लागते. यात्रेत घालावयाचे बूट याच काळात वापरून पायाशी जुळवून घ्यावेत.

पन्नाशी ओलांडलेल्यांनी तसेच रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार वा रक्तक्षय असणाऱ्यांनी नोंदणीपूर्वीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. तिकिटे काढल्यानंतर केलेल्या तपासणीत वैद्यांचा नकार पचविणे कठीण जाते. अमरनाथ यात्रेसाठी आरोग्य प्रमाणपत्र अनिवार्य आहे व कैलास-मानसरोवर यात्रेपूर्वीही कसून तपासणी होते. जेथे अशी सक्ती नाही, तेथे भाविकाने ती स्वतःवर घालून घ्यावी.

प्रवासक्रम आणि चढण

सुट्टी अल्प असल्याने हरिद्वारहून निघून शक्य तितक्या लवकर केदारनाथ गाठण्याचा बेत अनेक जण आखतात. तो टाळावा. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ या परंपरागत क्रमाने जाणाऱ्यांच्या शरीरास उंचीची ओळख आधीच होऊ लागते. केवळ केदारनाथास जाणाऱ्यांनी गुप्तकाशी वा सोनप्रयाग परिसरात एक-दोन रात्री विसावा घ्यावा.

चढण पहाटे सुरू करावी. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच गतीने चालावे. बोलताना धाप लागल्यास गती मंद करावी. तासाभराने थोडी विश्रांती घ्यावी, पाणी घोट घोट पीत राहावे. चढणीच्या दिवशी कडक वा निर्जळी उपवास धरू नये. मधुमेही व्यक्तींस तो विशेष घातक ठरतो. नित्याची औषधे घोड्यावरील सामानात न ठेवता अंगाजवळ ठेवावीत. मद्य व झोपेच्या गोळ्या वर्ज्य कराव्यात.

घोडा, पालखी वा हेलिकॉप्टर यांमुळे पायांचे श्रम वाचतात, हवा मात्र तितकीच विरळ राहते. हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांतच सुमारे दोन हजार मीटर उंची वाढते आणि शरीरास जुळवून घेण्यास अवधीच मिळत नाही. वृद्ध माता-पित्यांना यात्रा घडविणाऱ्या मुलांनी ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी.

परत फिरण्याचे धैर्य

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, झोप न लागणे ही उंचीच्या त्रासाची प्रारंभिक लक्षणे होत. ती दिसताच अधिक वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, छातीत दुखणे, तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही लक्षणे गंभीर आहेत. अशा वेळी मार्गावरील वैद्यकीय केंद्राचे साहाय्य घ्यावे व रुग्णास विनाविलंब खाली न्यावे. उंचीच्या त्रासावर खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय आहे. रुग्णास एकटे सोडून इतरांनी दर्शनास पुढे जाऊ नये.

मंदिर दोन किलोमीटरवर असताना माघारी वळणे मनास फार जड जाते. ‘इतके आलो, आता थोडक्यासाठी कशाला?’ हा विचारच घात करतो. परत फिरल्याने श्रद्धा उणी ठरत नाही. ज्यांना चढण झेपणार नाही, त्यांच्यासाठी परंपरेनेच सोय करून ठेवलेली आहे. भाऊबीजेच्या दिवशी केदारनाथाचे द्वार बंद झाल्यावर श्रींची पंचमुखी उत्सवमूर्ती उखीमठ येथील ओंकारेश्वर मंदिरात आणली जाते व हिवाळाभर तेथेच पूजा होते. उखीमठापर्यंत मोटारीने जाता येते आणि त्याची उंचीही पुष्कळ कमी आहे. हिवाळ्यात देव स्वतः खाली उतरतो. मग भाविकाने खाली उतरण्यात कमीपणा तो कसला?

देह हे परमार्थाचे साधन होय. ते जपून, सिद्ध करून पर्वतावर न्यावे आणि दर्शनाच्या आनंदासह सुखरूप घरी आणावे. कुटुंबीय वाट पाहत असलेल्या उंबऱ्यावर भाविकाचे पाऊल पडते, तेव्हाच यात्रा पूर्ण होते.