बागेत घडीचा चाकू नको

आमच्या रोपवाटिकेत घडीच्या चाकूला बंदी आहे. खिशात असला तर असू दे, दुपारी पेरू कापायला काढलास तरी माझं काही म्हणणं नाही. पिशवी, फांदी, सुंभ किंवा पिंप यांच्या कामाला मात्र तो बाहेर निघता कामा नये. नवीन मुलं कामाला आली की त्यांना हा नियम बायकी धास्तीचा वाटतो. मोबाइलवर त्यांनी एका हाताने टक्कन उघडणारे चाकू पाहिलेले असतात, आणि इथे त्यांच्या हातात येते लोहाराने केलेली, लाकडी मुठीची साधी सुरी. तोंड वाकडं करतात. मग मी त्यांना आमच्या जुन्या गड्याकडे पाठवते आणि त्याच्या उजव्या हाताची तर्जनी बघून या म्हणते.

कुडाळ तालुक्यात आमची आंबा-काजूची कलमं होतात. जुलै-ऑगस्टात कोय कलमांचा हंगाम असतो. रुजलेल्या कोयीचा कोवळा कोंब छाटायचा, मधोमध चीर द्यायची, कलमकाडीला दोन्ही बाजूंनी उतरता काप घेऊन ती चिरेत बसवायची आणि पट्टी घट्ट गुंडाळायची. या कामात चाकूवर जोर असा पडतच नाही. पातं वस्तऱ्यासारखं धारदार हवं आणि हात हलका. म्हणून घडीचा छोटा चाकू इथे कधी दगा देत नाही आणि माणसाचा त्याच्यावर विश्वास बसतो. घोटाळा पुढे होतो. कलमं बांधून झाली की तोच चाकू हातात असतो, आणि मग त्यानेच पिशवीबाहेर आलेलं मूळ तोडायचं, काथ्याचा सुंभ कापायचा, खताच्या गोणीची शिवण उसवायची.

आमचा गडी त्या दिवशी प्लास्टिकच्या पिंपाच्या बुडाला निचऱ्याचं भोक पाडत होता. टोक थोडं आत गेलं आणि अडकलं. त्याने मनगट फिरवून जोर लावला. पात्याच्या पाठीवर दाब आला आणि चाकू मिटला. मूठ धरलेली बोटं पात्याच्या वाटेतच होती. पाऊस चालू होता, हात ओले होते, पण त्याचा इथे फारसा संबंध नाही. कोरड्या हातातही तो मिटलाच असता.

रक्त फार गेलं नाही. स्वच्छ फडका दाबून धरला, हात वर ठेवला, थोड्या वेळाने थांबलं. जखम बारीक, कडा सरळ. हळद भरून बांधू या, असं दोघं-तिघं म्हणाले. तेवढ्यात तोच म्हणाला, "वयनी, बोट वाकणा नाय."

गावातल्या डॉक्टरबाईंनी टाके घालायच्या आधी दोन गोष्टी करून घेतल्या. मधलं पेर धरून ठेवून बोटाचं टोक वाकवायला सांगितलं. ते वाकलं नाही. मग कापूस बोटाच्या दोन्ही कडांवरून फिरवला. एका कडेला त्याला स्पर्श कळला नाही. स्नायूचा दोर आणि चेता, दोन्ही तुटलेल्या होत्या. धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन त्यांनी आम्हांला तसंच गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे दोर जोडला गेला.

वाचणाऱ्याने ही तपासणी लक्षात ठेवावी. तळव्याच्या बाजूने बोट कापलं गेलं, की जखम केवढी आहे यावर जाऊ नये. बोट वाकवणारे दोर कातडीखाली अगदी वरवर असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी बारीक चेता जातात. धारदार पात्याची पाऊण इंचाची जखमही दोन्ही तोडू शकते. दोर तुटला की त्याचं वरचं टोक रबरासारखं ओढलं जाऊन तळव्याच्या दिशेने मागे सरकतं. नुसती कातडी शिवली तर जखम छान भरून येते आणि बोट सरळच राहतं. जोडणी पहिल्या काही दिवसांत व्हावी लागते, उशीर होईल तशी ती अवघड होत जाते. त्यानंतर साधारण सहा आठवडे हाताला आधारपट्टी, सोबत शिकवल्याप्रमाणे रोज थोडी थोडी हालचाल, आणि जड काम जवळजवळ तीन महिने बंद. हातावर पोट असलेल्या माणसाला हे तीन महिने म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. त्याची तर्जनी आता वाकते, पण पुरती मिटत नाही. कलमपट्टीचं टोक तो मधल्या बोटाने धरतो.

आता चाकूकडे येऊ. खिशातल्या बऱ्याच स्वस्त चाकूंना आणि स्विस सैनिकी धर्तीच्या कितीतरी छोट्या चाकूंना कुलूप नसतं. पात्याच्या बुडाशी एक कमानी दाब देत असते, तेवढ्यावर पातं उघडं राहतं. तुम्ही धारेच्या दिशेने कापता तोवर जोर पात्याला उघडं ठेवणाराच असतो. टोचताना, उचकटताना किंवा अडकलेलं पातं मागे ओढताना जोर उलटा होतो. कमानीची ताकद ती केवढी!

मग कुलूपवाला चाकू घ्या, असं दुकानदार सांगतो. कुलपं बरीच आहेत. एकात पाठीवरची पट्टी पात्याच्या खाचेत बसते. एकात मुठीतली पातळ पत्र्याची जीभ आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. फ्रान्सचा ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासून बनतो. त्याला १९५५ मध्ये फिरती कडी बसवली गेली, आणि साधेपणात ती मला या सगळ्यांत उजवी वाटते, कारण कडी फिरली की नाही ते डोळ्यांना दिसतं. कुलूप नसण्यापेक्षा कुलूप बरंच, यात वाद नाही. पण आमच्या कामात त्या खाचेत काय काय जाऊन बसतं ते पाहा. फणसाचा चीक, आंब्याचा चीक, काथ्याचा भुसा, लाल माती. फणसाचा चीक पाण्याने निघत नाही, खोबरेल तेल चोळावं लागतं. आणि तेल लावलेल्या सांध्यावर माती आणखीच चिकटते. खाच अर्धी भरली की पट्टी अर्धीच बसते, आणि आवाज मात्र 'टक' असाच येतो. शिवाय समुद्राची खारी हवा. सांध्याच्या खिळ्यावर गंज धरला तरी वरून कळत नाही. आडव्या जिभेच्या कुलपात आणखी एक खोट आहे, चाकू मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो. हातमोजे घालून हे करून बघा म्हणजे कळेल.

अखंड सुरीला सांधाच नाही. पातं मुठीत गेलेलं, विषय संपला. धुवायला सोपी, पुसायला सोपी. आणखी एक फायदा मला नंतर उमगला. ती एका हाताने काढता येते आणि एका हाताने परत ठेवता येते. शिडीवर उभं राहून एक हात फांदीला असतो तेव्हा दुसऱ्या हाताने चाकू उघडणं ही कसरत असते, आणि उघडा चाकू दातात धरणारे महाभागही मी पाहिले आहेत.

खरं तर कोकणात हे नवीन सांगायची गरज पडू नये. आमच्याकडचे जुने लोक कमरेला आकडी बांधायचे आणि आकडीला कोयती. माडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या कमरेला ती आजही असते. घडीची कोयती कुणी कधी मागितली नाही. पण जुनं ते सगळं चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. आकडीतलं पातं उघडं असतं. पायी चालणाऱ्या माणसाच्या काळात ते चाललं. आज तोच माणूस आकडीसकट स्कूटरवर बसतो, मागे पोरगं असतं. हे बघवत नाही.

म्हणून सुरी घेताना निम्मं लक्ष म्यानाकडे द्यावं. म्यान उलटं करून जोरात हलवलं तरी सुरी पडता कामा नये. कातड्याचं म्यान दिसायला देखणं, पण पावसाळ्यात ते ओल धरतं आणि सुरी आतल्या आत गंजते. शिवाय शिवणीच्या बाजूने धार दोरा कापत जाते. आम्ही जाड प्लास्टिकचं, तळाला भोक असलेलं म्यान वापरतो. स्वीडनमधल्या मोरा गावच्या कामाच्या सुऱ्या अशाच म्यानात मिळतात, परदेशातून कुणी आणून देणार असेल तर जरूर मागवा. नाहीतर पाण्याच्या जाड पाइपचा तुकडा गरम करून चपटा केला आणि दोन रिबिटं मारली तरी काम भागतं. म्यान कमरेच्या बाजूला, किंचित मागे असावं. पोटासमोर नको, कारण वाकताना टोक मांडीत घुसू शकतं. मणक्यावर तर नकोच. पावसात घसरून माणूस बहुतेक वेळा पाठीवर पडतो.

पातं किती असावं? तीन ते चार इंच. याहून मोठं लागणारं काम कोयतीचं आहे. लोहाराकडून करून घेणार असाल तर गाडीच्या कमान-पाट्याचं पोलाद मागा. धारेला कानस लावून बघा, कानस न पकडता घसरली तर पाणी नीट दिलंय असं समजा. हे पोलाद गंजतं. आंब्याच्या चिकाने काळंही पडतं. रोज संध्याकाळी पुसून तेलाचं बोट फिरवायचा कंटाळा असेल तर गंज न चढणाऱ्या पोलादाची सुरी बरी, धार लावायला दगडावर थोडा जास्त वेळ जाईल इतकंच. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं आणि दोन रिबिटांनी पक्कं असावं. जिथे पात्याची अणी नुसती राळेने मुठीत बसवलेली असते तिथे मूठ हलायला लागली की ती सुरी बाजूला काढायची, उद्या बघू म्हणायचं नाही.

आणि मुठीला पुढच्या बाजूला उंचवटा हवाच. अखंड सुरी मिटत नाही म्हणून बोटं कापली जात नाहीत, असं नाही. टोचताना टोक हाडासारखं कडक काही लागून थांबलं तर ओला हात पुढे सरकून थेट धारेवर जातो आणि तेच दोर तुटतात. स्वयंपाकघरात नारळातलं खोबरं सुरीने उचकटताना असंच होतं. सांधा नसल्याने एक धोका जातो, दुसरा तुमच्या धरण्यावर राहतो. भोक पाडायला आम्ही आता सामता वापरतो, नाहीतर तापवलेला खिळा. सुरीने भोक पाडायचंच नाही.

घडीचा चाकू वाईट, असा माझा दावा नाही. प्रवासात, कचेरीत, शाळेच्या सहलीत तोच बरा. खिशातून काढून सफरचंद कापलं तर शेजारचा दचकत नाही. सुरी काढली तर दचकतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

इथे कायद्याचंही पाहायला हवं. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. आपली चार इंची सुरी यात बसत नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, आणि त्यांत सुऱ्या, काठ्या घेऊन फिरण्यावर बंदी असते. वर्तमानपत्रात ती बातमी चार ओळींची असते, पण वाचावी. शेतातून थेट बाजारात जाताना सुरी खोपीतच ठेवावी. विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही, घडीची असो की अखंड. आणि लंडनच्या भाच्याला भेट म्हणून नेणार असाल तर आधी विचारा. ब्रिटनमध्ये योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी जवळ ठेवता येतो तो फक्त कुलूप नसलेला, तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू. म्हणजे मी ज्याला बागेत बंदी घातली, नेमका तोच तिथे चालतो. त्यांचा नियम रस्त्यासाठी आहे, माझा बागेसाठी.

तर नवीन माणूस कामाला आला की त्याला सुरी, म्यान आणि लाल चिकटपट्टी अशा तीन वस्तू मिळतात. पट्टी मुठीला गुंडाळायची. लाकडी मुठीची सुरी पातेऱ्यात पडली की सापडत नाही, आणि अनवाणी पायाला मात्र ती बरोबर सापडते.